विश्लेषण : गुलाबराव महाराजांची ‘नावंग’ आणि मोबाइलमागचा माहिती सिद्धांत

मोबाइलवरचा मेसेज आधी शून्य-एकच्या संकेतात बदलतो आणि पलीकडे पुन्हा अक्षरांत उलगडतो. या देवाणघेवाणीचे गणित, म्हणजे माहिती सिद्धांत, अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडले. संकेतभाषेचा एक प्रयोग मात्र त्याच्या कितीतरी आधी वऱ्हाडात झाला होता. तो करणारे होते अमरावती जिल्ह्यातील माधानचे प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज.

महाराजांचे जगणे कसे होते?

६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी येथे मोहोड कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वर्षाच्या आतच दृष्टी गेली, चौथ्या वर्षी आई गेली. आजीने सांभाळले. पुढे दुसऱ्याने वाचायचे आणि त्यांनी ऐकायचे. त्यांनी सांगायचे आणि दुसऱ्याने उतरवून घ्यायचे, असा क्रम पडला. त्यातून मराठी, संस्कृत, हिंदी आणि व्रज भाषेत सव्वाशेहून अधिक ग्रंथ झाले.

माहिती सिद्धांताशी संबंध काय?

सांगणारा, ऐकणारा आणि मधला गोंगाट, हे शॅनन यांचे चित्र. महाराजांचा प्रत्येक शब्द परक्या कानातून आणि हातातून जाई. चूक कुठेही शिरू शकत होती. ओवी-अभंगात मात्र एखादा शब्द गळला की चाल अडखळते आणि चूक कळते. मोबाइलही संदेशाला जादा अंक जोडून हेच काम करतो.

महाराजांनी ‘नावंग’ ही सांकेतिक भाषाही रचली. संकेताची किल्ली दोन्ही टोकांना असेल तरच तो बोलतो. म्हणून त्यांना संगणकयुगाचे जनक ठरवणे मात्र ओढूनताणून होईल. शॅनन यांच्या मापात अर्थाला जागाच नाही, तिथे फक्त अनपेक्षितपणा मोजला जातो. वैशाखात अकोल्यात ऊन आहे, हे सांगून कुणाला काय कळणार? थंडी पडली म्हटले तर ती माहिती! महाराजांची सारी धडपड मात्र अर्थासाठीच होती.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात, अवघ्या ३४ व्या वर्षी ते गेले. स्मरणात साठवलेले पण उतरवून न घेतलेले जे काही होते, ते त्यांच्याबरोबरच गेले. शॅनन यांचा जन्म त्यानंतर सात महिन्यांनी, ३० एप्रिल १९१६ रोजी झाला.