जेन ॲडम्स : उपकाराने वस्ती बदलत नाही

१८७० साली शिकागोची लोकसंख्या सुमारे तीन लाख होती. वीस वर्षांत ती अकरा लाखांच्या आसपास गेली. कत्तलखाने, पोलाद आणि रेल्वे यांनी युरोपातले गरीब शेतकरी-मजूर ओढून आणले. कारखाने वाढले, गटारे, शाळा आणि घरे मागे राहिली. अशा वस्तीत १८८९ साली जेन ॲडम्स राहायला गेल्या आणि मैत्रीण एलन गेट्स स्टार यांच्यासोबत त्यांनी हल हाऊस सुरू केले.

त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० चा, इलिनॉय राज्यातल्या सीडरव्हिल गावचा. वडील गिरणीमालक आणि राज्याचे सिनेटर. वस्तीला शिक्षण आणि कला द्यावी, ही त्यांची सुरुवातीची कल्पना. पहिल्याच नाताळात काही मुलींनी मिठाई नाकारली. त्या मिठाईच्याच कारखान्यात सकाळी सात ते रात्री नऊ राबत होत्या.

मग हल हाऊसने कायद्याकडे मोर्चा वळवला. सहकारी फ्लॉरेन्स केली आणि कामगार संघटनांच्या रेट्यामुळे १८९३ मध्ये इलिनॉयमध्ये कायदा झाला : चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी, स्त्रियांना आठ तासांचे काम. दोनच वर्षांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या स्वातंत्र्याचे कारण देऊन आठ तासांचे कलम रद्द केले. त्याच वर्षी हल हाऊसने घरोघरच्या पाहणीतून मजुरीचे नकाशे प्रसिद्ध केले. जेन स्वतः वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या आणि पहाटे कचरागाड्यांमागे फिरल्या.

राजकारणात मात्र त्या हरल्या. नगरसेवक जॉनी पॉवर्स नोकऱ्या लावून देई, नाताळला टर्की वाटे, गरिबाच्या अंत्यविधीचा खर्च उचले. १८९८ मध्ये हल हाऊसने विरोध करूनही तोच निवडून आला. जेन यांनी मतदारांना दोष दिला नाही. अडीनडीला धावून येणारा दुसरा कोणी नसेल, तर गरीब माणूस त्यालाच मत देणार, हे त्यांनी ओळखले.

पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याने त्यांची लोकप्रियता ओसरली. १९३१ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. २१ मे १९३५ रोजी निधन झाले. कोलंबियात बाबासाहेबांना शिकवणारे जॉन ड्युई त्याआधी शिकागोत हल हाऊसचे विश्वस्त होते.

वस्तीत काम करणाऱ्या आम्हाला पॉवर्स अनोळखी वाटत नाही. त्याला नुसत्या भाषणांनी हरवता येत नाही. रेशन, दवाखाना आणि मजुरी हक्काने मिळू लागली, तरच त्याची गरज संपते. तरुण मित्रांनो, हे काम कंटाळवाणे आहे. पण सुरुवात पाहणीच्या वहीपासूनच करावी लागेल.