हाफकिनसाहेब आणि पुराव्याची कसोटी

न्यायालयात उभ्या असलेल्या माणसावर आरोप कितीही भयंकर असो, पुरावा पाहिल्यावाचून त्यास दोषी ठरवू नये, हे तत्त्व आता शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु औषध, लस, रोग व मृत्यू यांचा प्रश्न निघाला की सुशिक्षित म्हणविणारे लोकही पुरावा बाजूस ठेवून कंडीवर विश्वास ठेवतात, आणि सरकारही प्रसंगी त्याच मार्गाने जाते, हा अनुभव जुना आहे. कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात आज रसायनांचे व औषधांचे कारखाने उभे आहेत, व त्यांतील मालाच्या शुद्धतेवर दूरदूरच्या रोग्यांचे प्राण अवलंबून आहेत. अशा ठिकाणच्या नागरिकांनी व व्यापाऱ्यांनी ज्यांचे चरित्र विशेष लक्षपूर्वक वाचावे, असे गृहस्थ म्हणजे मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेचे संस्थापक वाल्देमार हाफकिन हे होत.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओदेसा या बंदराच्या गावी एका यहुदी कुटुंबात झाला. तेथील विश्वविद्यालयात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला व सुप्रसिद्ध मेचनिकोव्ह यांचे ते शिष्य झाले. त्या देशात यहुद्यांवर होणारे अत्याचार त्यांनी डोळ्यांनी पाहिले. स्वजनांच्या रक्षणासाठी उभे राहिल्याबद्दल त्यांस तुरुंगाचेही दर्शन घडले. धर्म बदलल्यास अध्यापकाची जागा मिळाली असती. तो त्यांनी बदलला नाही. १८८८ साली मायदेश सोडून ते प्रथम जिनिव्हास व नंतर पॅरिसला गेले. तेथील पाश्चर यांच्या संस्थेत त्यांस जागा मिळाली ती ग्रंथपालाची! परंतु ज्यास शिकावयाचे असते, त्यास ग्रंथालयाचे दार प्रयोगशाळेच्या दाराला लागूनच असते.

त्या काळी पटकीवर उपाय शोधण्याचे प्रयत्न सर्वत्र चालू होते. हाफकिन यांनी पटकीचा जंतु एका गिनिपिगाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात, असा लागोपाठ एकूणचाळीस वेळा नेऊन त्याची शक्ती वाढविली व ती एका ठराविक मापावर आणली. दुसऱ्या बाजूने तोच जंतु उष्णतेत व हवेच्या झोतात वाढवून दुर्बळ केला. प्रथम दुर्बळ व मागाहून प्रबळ, अशा क्रमाने टोचल्यास शरीर रोगास तोंड देण्यास शिकते, असे त्यांस जनावरांवर दिसून आले. जनावरांनंतर माणसाची पाळी होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. ताप आला, तो उतरला, व मगच त्यांनी इतरांस हात लावला.

हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन हे त्या वेळी पॅरिसला वकील होते. त्यांच्या साहाय्याने १८९३ साली हाफकिन कलकत्त्यास आले व दोन-अडीच वर्षांत बेचाळीस हजारांवर लोकांस त्यांनी पटकीची लस टोचली. या कामी त्यांनी जो नियम पाळला, तो आमच्या मते त्यांच्या लसीइतकाच मोलाचा आहे. एकाच वस्तीतील, एकच पाणी पिणाऱ्या लोकांपैकी कोणास टोचले व कोणास नाही, याची नोंद ठेवावयाची, आणि साथ आल्यावर दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी शेजारी मांडावयाचे. म्हणजे टोचणारा हा आपल्याच लसीचा न्यायाधीश होत नाही. निकाल आकडे देतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी ग्रंथिक ज्वर ओळखला व प्लेगाचा भयंकर अध्याय सुरू झाला. लक्षावधी माणसे शहर सोडून रेल्वेने व पायी पळू लागली. पुढे पुण्यात काय घडले हे महाराष्ट्र कधीही विसरणार नाही. घरांची झडती, सामानाची नासधूस, स्त्रियांची विटंबना व सोजिरांचा धुमाकूळ यांनी रोगापेक्षा रोगनिवारणाचीच धास्ती लोकांनी अधिक घेतली. याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला.

एकीकडे सत्तेचा हा सोटा चालला असता दुसरीकडे भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व एक व्हरांडा, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या सरंजामावर हाफकिन कामास लागले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईस आले, व तीन महिन्यांच्या आत त्यांनी प्लेगाची लस तयार केली. तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. मांसाच्या रसात तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे व त्यात प्लेगाचे जंतु सोडावयाचे. भांडे मुळीच न हलविल्यास जंतु तुपाच्या थेंबांस धरून, गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांप्रमाणे, खाली वाढत येतात. ते हलवून पाडले की नवे वाढू लागतात. असे काही आठवडे केल्यावर पुष्कळ पीक हाती येते. मग ते भांडे उष्णतेने तापवून जंतु मारावयाचे व थोडे कार्बोलिक ॲसिड घालून लस कुप्यांत भरावयाची. विलायती रीतीप्रमाणे रसासाठी गाईचे मांस वापरले असते, तर हिंदूंनी ती लस शिवलीही नसती. म्हणून त्यांनी बकऱ्याचे मांस घेतले. लोकांच्या भावनेचा मान राखल्याने शास्त्राचे काहीएक बिघडत नाही, उलट त्याचा मार्ग मोकळा होतो, हे आमच्या राज्यकर्त्यांस त्या वर्षी कळले असते तर बरे झाले असते!

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी नेहमीच्या मात्रेहून कितीतरी मोठी मात्रा स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस लस दिली गेली. आगाखान यांनी स्वतः सर्वांसमक्ष टोचून घेतले व प्रयोगशाळेस आपला बंगला दिला. खोजा समाजातील हजारो लोक त्यांच्यामागून आले. पोर्तुगीज अंमलातील दमण येथे टोचलेल्या २,१९७ लोकांपैकी ३६ दगावले, तर न टोचलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ दगावले. पुढे १८९८ साली बडोदे संस्थानातील उंढेरा गावी हाफकिन यांनी याहून कडक कसोटी लावली. प्रत्येक घरातील सुमारे निम्मी माणसे टोचली व निम्मी तशीच ठेवली, म्हणजे अन्न, घर व हवा सर्व सारखेच. ज्या घरांत प्लेग शिरला त्यांतील टोचलेल्या ७१ जणांपैकी तिघे गेले, न टोचलेल्या ६४ पैकी सव्वीस गेले. याहून स्पष्ट साक्ष कोणत्या कोर्टास हवी? १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात ही प्रयोगशाळा स्थिर झाली.

परंतु यशाच्या पाठोपाठ संकट आले. पंजाबात साथ भडकली व लसीची मागणी इतकी वाढली की जुनी संथ रीत पुरेना. हाफकिन यांनी जलद रीत स्वीकारली व तीत कार्बोलिक ॲसिड वगळले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ लोकांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच कुपीतून टोचलेल्या एकोणीस जणांस काही दिवसांनी धनुर्वात झाला व ते सर्व मरण पावले. सरकारने चौकशी मंडळ नेमले. त्याचे अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स होते. कुपी उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथेच, दोष शिरला असावा व कार्बोलिक वगळणे ही गंभीर चूक होती, असा त्यांचा अभिप्राय पडला. हाफकिन यांस पदावरून दूर करण्यात आले व १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले.

आता या खटल्याकडे वकिलाच्या दृष्टीने पाहू. एकाच कुपीतून टोचलेले तेवढेच मेले. टोचतेवेळी साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट उकळून न घेता कार्बोलिकात बुचकळूनच बूच काढण्यास वापरला, ही गोष्ट साक्षीत होती. धनुर्वाताचे बीज मातीत असते. ते कुपीत कित्येक आठवडे वाढत राहिले असते, तर त्याचे तयार विष लगेच अंगी भिनून लक्षणे फार लवकर दिसली असती; ती तर सुमारे आठवड्याने दिसली. शिवाय त्या अल्प कार्बोलिकाने धनुर्वाताचे बीज तेवढ्यात मेलेच असते असेही नाही. असे असता संशयाचा फायदा आरोपीस न देता शिक्षा आधी व फेरतपासणी मागाहून, असा उलटा क्रम झाला. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा पुन्हा तपासला. सर रोनाल्ड रॉस व इतर नामांकित शास्त्रज्ञांनी १९०७ साली वर्तमानपत्रांतून जाहीरपणे त्यांचा पक्ष घेतला, व त्याच वर्षी सरकारने त्यांस दोषमुक्त केले. परंतु न्याय देताना हात आखडता घेण्याची सरकारची सवय गेली नाही. हाफकिन परत आले ते कलकत्त्यास. परळची त्यांची स्वतःची शाळा त्यांस पुन्हा मिळाली नाही. १९१४-१५ च्या सुमारास ते निवृत्त झाले व २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तेथून प्लेगाच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लक्ष मात्रा बाहेर गेल्या होत्या.

या चरित्रातून आम्ही तीन बोध घेतो. पहिला हा की, दोष सिद्ध होण्यापूर्वी माणसास बुडविल्याने मेलेले जिवंत होत नाहीत, मात्र पुढे वाचणारे पुष्कळ मरतात. कारण मलकोवालच्या बातमीने लसीवरचा लोकांचा विश्वास उडाला, आणि तो परत मिळविण्यास वर्षे लागली. दुसरा बोध असा की, हाफकिन निर्दोष ठरले म्हणून काटकसर व घाई निर्दोष ठरत नाहीत. रीत बदलली की तिची कसोटी नव्याने, व प्रत्येक पायरीवर, झालीच पाहिजे. परळात कितीही शुद्ध लस भरा, खेड्यात पडलेला एक चिमटा ती विषारी करू शकतो. कारखान्यापासून सुईच्या टोकापर्यंत साखळी एकच आहे, आणि तीत शिपाई, कारकून व साहाय्यक यांचा हात साहेबाच्या हाताइतकाच महत्त्वाचा आहे. त्या पहिल्या खोलीतील एका कारकुनाची व तीन शिपायांची नावे कोणी सांगत नाही, ही आमच्या इतिहासातील उणीव आहे.

तिसरा बोध आमच्या स्वतःच्या पट्ट्यास आहे. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले उल्हासनगर व्यापारात कोणास हार जाणार नाही. अंबरनाथ व बदलापूर येथे कारखान्यांची वाण नाही. परंतु आमच्या शाळांत सूक्ष्मदर्शक यंत्र किती मुलांच्या हाती पडते? नगरपालिकेचे पाणी कोणत्या दिवशी तपासले व काय आढळले, हे किती नागरिक विचारतात? देवळास व मंडपास वर्गणी देणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनी एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेस वर्षाला थोडी रक्कम द्यावी, व कारखानदारांनी तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या तरुण रसायनज्ञास माल नापास करण्याचे खरे स्वातंत्र्य द्यावे. परक्या देशातून आलेल्या एका माणसाने स्वतःच्या दंडात सुई टोचून आमच्या बापजाद्यांचे प्राण वाचविले. त्याचे ऋण पुतळ्याने फिटणार नाही. पुरावा पाहिल्यावाचून कशासही मान डोलवावयाची नाही व कोणासही दोष द्यावयाचा नाही, एवढी एक सवय आम्ही लावून घेतली, तर त्यातील काही अंश तरी फिटेल.