तोफेला तेल-मेण, दारूला ऊन : युद्धसामग्रीच्या देखभालीचा नियम घालून देणारे रामचंद्रपंत अमात्य

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या तालमींनी मर्दानी खेळ जिवंत ठेवलाय. पट्टा असो वा तलवार, वापरून तशीच ठेवली की पावसाळ्यात गंज चढणार, हे तिथल्या पोरासोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

पण एका पट्ट्याला तेल लावणं वेगळं आणि सह्याद्रीच्या पावसात गडोगडीच्या तोफा टिकवणं वेगळं. त्याला माणसं लागतात, सामान लागतं आणि मुख्य म्हणजे पैसा लागतो.

हा विषय तीनशे वर्षांपूर्वी कागदावर आणला तो शिवाजी पेठेपासून वीसेक किलोमीटरवरच्या पन्हाळ्याशी नातं असलेल्या एका माणसाने. त्यांचं नाव रामचंद्रपंत अमात्य.

रामचंद्रपंतांचा जन्म 1650च्या सुमारासचा. वडील निळो सोनदेव शिवाजी महाराजांच्या कारभारात मुजुमदार होते, म्हणजे राज्याचा जमाखर्च बघायचं काम घरातलंच. वडिलांनंतर 1672च्या सुमारास ही जबाबदारी पंतांकडे आली. 1674 साली राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत अमात्य म्हणून ते उभे होते. वय साधारण पंचवीसच्या आत. थोडक्यात काय, तर गडी मुळात हिशेबाचा.

खरी कसोटी लागली 1689 साली. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड मुघलांच्या हाती गेला आणि राजाराम महाराजांना दूर दक्षिणेत जिंजीला जावं लागलं. जाताना मागचा सगळा कारभार त्यांनी रामचंद्रपंतांकडे सोपवला. हुकूमतपनाह हा किताब दिला, म्हणजे राजाच्या गैरहजेरीत निर्णय घ्यायचा अधिकार दिला.

समोर औरंगजेब आणि त्याची अफाट फौज, इकडे खजिना रिकामा. पंतांनी विशाळगडावरून सूत्रं हलवली. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मैदानात लढत होते, शंकराजी नारायण आणि परशुरामपंत कारभाराला सोबत होते.

पण रोख पैसा नसताना सरदारांना द्यायचं काय? तर मुलूख. जो प्रांत सोडवशील तो तुझ्याकडे, अशा पद्धतीने सरंजाम आणि वतनं वाटली गेली. त्यामुळे युद्ध चालू राहिलं आणि 1707 साली औरंगजेब अहमदनगरजवळ मेला तरी मराठ्यांचं राज्य उभंच होतं.

या उपायाची किंमत मात्र मोठी होती. जमीन एकदा दिली की तिचं उत्पन्न सरकारात येत नाही. आणि उत्पन्नच नसेल तर बुरूज कोण बांधणार, तोफेचा मोडलेला गाडा कोण दुरुस्त करणार?

पुढे घरातलीच फूट पडली. शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटून आले. पंत ताराराणींच्या बाजूने राहिले. मग 1714 साली पन्हाळ्यावर सत्तापालट झाला आणि राजसबाईंचे पुत्र संभाजीराजे कोल्हापूरच्या गादीवर आले. या पालटाला पंतांचा पाठिंबा होता.

याच संभाजीराजांच्या काळात, 1715च्या सुमारास, आज्ञापत्र तयार झालं. त्याचं लेखन रामचंद्रपंतांच्या नावावर आहे.

आज्ञापत्रात राजा कसा असावा, सावकार कशाला हवेत, टोपीकरांपासून सावध का राहावं असे विषय आहेत. पण गडांचं प्रकरण वाचलं की कळतं, हा माणूस गडावर नुसता राहिला नाही, त्याने कोठारांची दारं उघडून बघितली होती.

तोफांचे गाडे मजबूत हवेत, त्यांना लोखंडी पट्ट्या हव्यात. गोळे, गज, तरफा आणि तोफेचा काना, म्हणजे बत्ती द्यायचं भोक, साफ करायच्या सळ्या हे सगळं सामान तोफेजवळच तयार पाहिजे. ते वरचेवर तपासलंही पाहिजे. पावसाळा आला की तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यायचं, काने मेणाने बुजवायचे, वर आच्छादन घालायचं.

दारूखाना घरांपासून लांब बांधायचा, त्याला सर्दी लागू द्यायची नाही. आठ-पंधरा दिवसांनी खुद्द हवालदाराने यायचं, दारू आणि बाण बाहेर काढून ऊन द्यायचं आणि पुन्हा मोहोर करून ठेवायचं. कारण सरळ आहे. दमट दारू ऐन वेळी पेटत नाही, आणि ती दमट झाल्याचं वेढा पडल्यावर कळून उपयोग नसतो.

तटबुरजांत उगवलेली झाडं वेळच्या वेळी कापायची, नाहीतर मुळं दगड फोडतात.

हे करणार कोण? त्यासाठी प्रत्येक गडावर लोहार, सुतार, पाथरवट, चांभार कायमचे पगारी ठेवायचे. दुरुस्तीचं काम नसेल तेव्हा त्यांना दुसरं काम द्यायचं, पण रिकामं बसवायचं नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक ठाण्यावर स्वतःचं वर्कशॉप. भारतीय लष्करात दुरुस्तीसाठी ईएमई हे स्वतंत्र दल उभं राहिलं ते 1943 साली.

आता पैशाचं बघू. आरमाराबद्दल पंतांचं म्हणणं अगदी रोखठोक आहे. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदरांच्या कमाईवर सोडू नये. कारण पोटासाठी कमवायची वेळ आली की आरमार व्यापाऱ्यांनाच नाडतं, व्यापारी बंदर सोडतात आणि शेवटी दोन्ही बुडतं.

जहाजांना लाकूड लागलं तरी रयतेचे आंबे-फणस तोडायचे नाहीत. जुनं झालेलं झाड हवंच असेल तर मालकाला राजी करून, किंमत देऊन घ्यायचं.

याच आज्ञापत्रात वतनं आणि इनामं वाटण्याविरुद्ध कडक इशारा आहे. ज्यांच्या कारभारात वतनं वाटली गेली, त्यांच्याच नावावरच्या ग्रंथात हे आहे. खुद्द पंतांच्या घराण्याकडेही बावड्याची जहागीर होती, आजचं गगनबावडा ते हेच. बोलणं आणि वागणं यांत अंतर होतं असं कुणी म्हणेल. पण या सवयीचा तोटा त्यांच्याइतका जवळून पाहिलेले लोक तेव्हा कमीच होते.

रामचंद्रपंतांची समाधी पन्हाळ्यावर आहे.

आजही संरक्षणाचं बजेट जाहीर झालं की चर्चा होते ती नव्या रणगाड्यांची आणि विमानांची. सुटे भाग, दुरुस्ती, तपासणीची उपकरणं यांचा बराचसा खर्च महसुली खात्यात जातो आणि त्याची बातमी क्वचितच होते. पण नवा रणगाडाही पहिल्याच पावसाळ्यापासून जुना व्हायला लागतो. तो दहा वर्षांनी सुरू होईल की नाही, हे त्याच बातमी न होणाऱ्या रकमेवर ठरतं.