हुतात्मा विष्णू गणेश पिंगळे

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागास स्वातंत्र्याच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. जुन्नरचा शिवनेरी किल्ला ही छत्रपती शिवाजी महाराजांची जन्मभूमी. जुन्नरला लागून आंबेगाव तालुका आहे. घोड नदीच्या खोऱ्यातील निरगुडसर हे गाव याच तालुक्यातले. याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू यांनी 1930 साली मुंबईत परदेशी मालाची मोटार अडविताना आपले प्राण दिले. शेजारच्या खेडचे शिवराम हरी राजगुरू 1931 साली लाहोरच्या तुरुंगात फाशी गेले. ही दोन्ही नावे या भागातील लहान मुलांच्याही तोंडी असतात. परंतु राजगुरूंच्या सुमारे पंधरा वर्षे आधी त्याच लाहोरच्या तुरुंगात याच परिसरातील आणखी एका तरुणाने फाशीची शिक्षा भोगली होती. निरगुडसर सोडून पूर्वेच्या अंगास निघाले म्हणजे शिरूर तालुका लागतो. त्या तालुक्यातील तळेगाव ढमढेरे हे त्या तरुणाचे गाव. त्याचे नाव विष्णू गणेश पिंगळे.

विष्णूचा जन्म 1888 साली झाला. तो वाढत होता, तो काळ मोठ्या खळबळीचा होता. 1905 साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांची लाट साऱ्या देशभर पसरली. सरकारी शाळांतून कारकून निर्माण होतात, देशभक्त निर्माण होत नाहीत, असे अनेक विचारवंतांना वाटू लागले होते. अशा वेळी तळेगाव दाभाडे येथे समर्थ विद्यालय ही राष्ट्रीय शिक्षणाची शाळा चालत होती. विष्णूला या शाळेचे संस्कार लाभले. पुढे सरकारने ही शाळा बंद पाडली. शाळेच्या दाराला कुलूप लागले. पण तेथे मनात रुजलेल्या विचारांना कुलूप लावणे सरकारला जमण्यासारखे नव्हते.

यंत्रविद्या शिकून यावी, देशात उद्योगधंदे काढावेत, अशी त्या काळच्या अनेक तरुणांची आकांक्षा असे. पिंगळ्यांनीही तीच वाट धरली. ते अमेरिकेस गेले आणि पश्चिम किनाऱ्यावरील सिएटल शहरी विद्यापीठात शिकू लागले. त्या किनाऱ्यावर त्यांना एक वेगळेच हिंदुस्थान भेटले. पंजाबातून आलेले हजारो शेतकरी व निवृत्त सैनिक तेथे लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबत होते. त्यांच्यापैकी कित्येकांनी इंग्रजांच्या फौजेत राहून इंग्रजांसाठी लढाया मारल्या होत्या. तरीही परदेशात त्यांना अपमान सोसावा लागे. स्वतंत्र देशाच्या नागरिकाला कोणी हाकलू लागले, तर त्याचे सरकार त्याच्या पाठीशी उभे राहते. गुलाम देशाच्या माणसाला कोणीच वाली नसतो. ही गोष्ट त्या मजुरांना पुस्तकातून नव्हे, तर अनुभवातून कळली.

या असंतोषातून 1913 साली एक संघटना उभी राहिली. सोहनसिंग भकना हे तिचे अध्यक्ष आणि लाला हरदयाळ हे चिटणीस होते. सॅन फ्रान्सिस्को येथून तिने ‘गदर’ नावाचे पत्र काढले. गदर म्हणजे बंड. पहिला अंक 1 नोव्हेंबर 1913 रोजी निघाला. त्या पत्रावरूनच संघटनेस गदर पक्ष हे नाव पडले. पिंगळे या पक्षाचे कार्यकर्ते झाले. कर्तारसिंग सराभा हा त्यांच्याहून वयाने बराच लहान, पण विलक्षण धडाडीचा पंजाबी तरुण त्यांचा सहकारी होता.

इंग्रज सरकारही झोपलेले नव्हते. अमेरिका व कॅनडा येथील हिंदी लोकांवर त्याचे हेर पाळत ठेवीत होते. कोण कोणाकडे जातो, सभेत काय बोलले जाते, कोणते पत्र कोणाच्या नावाने येते, यांची टिपणे व्हँकूव्हरपासून लंडनपर्यंत आणि लंडनपासून दिल्लीपर्यंत जात असत. अशा रीतीने, युद्धाची पहिली तोफ डागली जाण्यापूर्वीच दोन्ही बाजूंमध्ये एक गुप्त युद्ध सुरू झाले होते.

4 ऑगस्ट 1914 रोजी इंग्लंड पहिल्या महायुद्धात उतरले. हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणी आणि हिंदी पलटणी भराभर फ्रान्स, इजिप्त व मेसोपोटेमियाकडे रवाना होऊ लागल्या. देशात गोरे सैन्य फारच थोडे उरले. गदर पक्षाच्या पुढाऱ्यांनी ही संधी ओळखली. मायदेशी परत जावे, छावण्यांतील हिंदी शिपायांना आपल्याकडे वळवावे आणि 1857 सालाप्रमाणे पुन्हा उठाव करावा, असे ठरले. शेकडो माणसे जहाजांत बसून हिंदुस्थानकडे निघाली. परंतु हेरांच्या खबरा त्यांच्या आधी येऊन पोहोचल्या होत्या. अनेकांना बंदरावरच पकडण्यात आले.

पिंगळे आणि कर्तारसिंग हे 1914 च्या नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्यास उतरले. पोलिसांच्या हाती ते लागले नाहीत. आता पिंगळ्यांच्या वाट्यास एक अत्यंत नाजूक काम आले. पंजाबात माणसे होती, पण त्यांना अनुभवी नेता नव्हता. बंगालात अनुभवी क्रांतिकारक होते, पण पंजाबातील छावण्यांशी त्यांचा संबंध नव्हता. या दोन प्रांतांची गाठ घालून देण्याचे काम या मराठी तरुणाने केले. काशी येथे रासबिहारी बोस गुप्तपणे राहत होते. 1912 साली दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बॉम्ब पडला, तेव्हापासून सरकार त्यांच्या मागावर होते. पिंगळ्यांनी त्यांची भेट घेऊन पंजाबातील तयारीची हकीकत सांगितली. डिसेंबरमध्ये ते पंजाबात गेले आणि बंगालचे साहाय्य मिळणार असल्याचा निरोप त्यांनी तेथील मंडळींस दिला. पाठोपाठ 1915 च्या जानेवारीत रासबिहारी स्वतः पंजाबात आले आणि लाहोर हे उठावाचे केंद्र झाले.

गुप्त काम दिसते तितके सोपे नसते. नाव बदलावे लागते, वेष बदलावा लागतो. घरच्या माणसांस पत्र पाठविता येत नाही. एका घरात फार दिवस राहता येत नाही. ज्याला जेवढे कळणे अवश्य, त्याला तेवढेच सांगावयाचे, हा तर पहिला नियम. पण उठावाची गोष्ट निराळी असते. उठाव दोघाचौघांनी होत नाही. त्यासाठी शेकडो शिपायांना सामील करून घ्यावे लागते, आणि त्या सर्वांना दिवस व वेळ सांगावी लागते. माणसे वाढवावीत तर गुपित फुटण्याची भीती, आणि गुपित राखावे तर माणसे जमत नाहीत, असा हा पेच होता. त्यात पैशांची टंचाई होती. पैशांसाठी काही ठिकाणी दरोडेही घालण्यात आले. त्यामुळे पोलिसांचा संशय अधिकच वाढला.

उठावाचा दिवस 21 फेब्रुवारी 1915 हा ठरला. लाहोर, फिरोजपूर, रावळपिंडी इत्यादी ठिकाणच्या छावण्यांशी बोलणी झाली. निशाणे शिवून तयार झाली. युद्धाच्या घोषणेचा मसुदा लिहिला गेला. रेल्वेचे रूळ उखडण्यासाठी व तारा तोडण्यासाठी हत्यारे जमविण्यात आली.

याच सुमारास किरपालसिंग नावाचा एक माणूस क्रांतिकारकांत येऊन मिसळला. त्याचा एक नातलग लाहोरच्या छावणीतील 23 व्या रिसाल्यात होता. रिसाला म्हणजे घोडेस्वारांचे पथक. त्या ओळखीमुळे कोणास फारसा संशय आला नाही. पण किरपालसिंग हा पोलिसांचा हेर होता. ठरलेली तारीख त्याने सरकारला कळविली. क्रांतिकारकांना संशय येताच त्यांनी दिवस दोन दिवसांनी अलीकडे ओढून 19 फेब्रुवारी केला. तीही बातमी किरपालसिंगाने पोहोचविली. छावण्यांतील हत्यारांवर पहारे बसले, संशयित पलटणींवर नजर ठेवण्यात आली आणि 19 तारखेस लाहोरातील घरांवर छापे पडले. महिनोन्‌महिने शेकडो माणसांनी जीव धोक्यात घालून उभारलेली योजना एका माणसाच्या विश्वासघाताने एका दिवसात कोसळली.

रासबिहारी आणि पिंगळे हे लाहोरातून निसटून काशीस गेले. आता काही काळ गप्प बसणे हेच शहाणपणाचे ठरले असते. परंतु पिंगळ्यांना गप्प बसवेना. मीरतच्या छावणीतील 12 व्या रिसाल्याशी त्यांचा संबंध आलेला होता. 1857 च्या उठावाची पहिली ठिणगी याच मीरतमध्ये पडली होती. तेथे पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहावा, असे त्यांनी ठरविले. बॉम्बची पेटी घेऊन ते मीरतला गेले. ज्या जमादारावर त्यांनी भरवसा ठेवला होता, त्यानेच दगा दिला. 23 मार्च 1915 रोजी 12 व्या रिसाल्याच्या वस्तीत पिंगळे पेटीसह पकडले गेले. त्या पेटीतील बॉम्ब अर्धी पलटण उडविण्यास पुरेसे होते, असे पुढे सरकारी अहवालात नमूद झाले. याच 23 मार्च या तारखेला, सोळा वर्षांनी, भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे राजगुरू यांना लाहोरास फाशी झाली, हा एक विलक्षण योगायोग होय.

युद्ध चालू असल्याने सरकारने त्याच मार्च महिन्यात भारत संरक्षण कायदा करून घेतला होता. त्या कायद्यान्वये तीन न्यायाधीशांच्या खास न्यायमंडळापुढे लाहोर कटाचा खटला चालला. या न्यायमंडळाच्या निकालावर अपील करण्याची सोय नव्हती. फितुरांच्या व माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या झाल्या. 13 सप्टेंबर 1915 रोजी निकाल लागला. 24 जणांस फाशीची शिक्षा सांगण्यात आली. पुढे व्हाइसरॉयने त्यांपैकी 17 जणांची शिक्षा कमी करून त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. उरलेल्या सात जणांस 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांत सहा पंजाबी होते आणि एक मराठी. कर्तारसिंगाचे वय 19 वर्षांचे होते. पिंगळे 27 वर्षांचे होते.

उठाव फसला, मग या बलिदानाने साधले काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर पुढील इतिहासात मिळते. रासबिहारी 1915 च्या मे महिन्यात सरकारच्या डोळ्यांत धूळ फेकून जपानला निघून गेले. हिंदी शिपायांच्या साहाय्याने देश स्वतंत्र करावयाचा, ही लाहोरची कल्पना त्यांनी सोडली नाही. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आशियात उभ्या राहिलेल्या चळवळीची सूत्रे त्यांनीच 1943 साली सिंगापूर येथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या हाती दिली. इकडे पंजाबात कर्तारसिंग सराभा हा भगतसिंगांचा आदर्श ठरला. पेटविलेली ज्योत एका ठिकाणी विझली, तरी तिच्यावर लावलेले दिवे अन्यत्र तेवत राहिले.

आणखीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गुप्तपणे काम करणाऱ्याला स्वतःची रोजनिशी लिहिता येत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची त्या वेळी काढलेली चलच्चित्रे लंडनच्या युद्धसंग्रहालयात जतन केलेली आहेत. शंभर वर्षांपूर्वीचे ते शिपाई पडद्यावर आजही पावले टाकीत जाताना दिसतात. पण अंधारातून वाट काढणाऱ्या क्रांतिकारकापुढे कॅमेरा कोण धरणार? मग पिंगळे कलकत्त्यास केव्हा उतरले, पंजाबात केव्हा गेले, मीरतला कोठे सापडले, हे आज कशावरून कळते? सहकाऱ्यांनी मागाहून लिहिलेल्या आठवणींवरून काही कळते. परंतु पुष्कळसे कळते, ते त्यांच्या शत्रूंनी लिहून ठेवलेल्या कागदांवरून. लाहोर खटल्याचे दप्तर, गुप्त पोलिसांची टिपणे आणि न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीचा 1918 सालचा अहवाल यांत या तरुणाच्या हालचाली तारखांसह नोंदलेल्या आहेत. हे कागद लिहिले गेले ते त्यांना फासावर चढविण्यासाठी आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांना धाक बसविण्यासाठी. ज्या हेरांनी त्यांचा घात केला, त्यांच्याच लेखण्यांनी त्यांच्या धैर्याची साक्ष पुढील पिढ्यांसाठी राखून ठेवली.

तळेगाव ढमढेरे ते सिएटल, सिएटल ते काशी, काशी ते लाहोर आणि मीरत असा हा 27 वर्षांचा प्रवास. विष्णू गणेश पिंगळे यांची मातृभाषा मराठी होती, त्यांचा गुरू बंगाली होता आणि त्यांचे साथी पंजाबी होते. साऱ्या हिंदुस्थानला त्यांनी आपले गाव मानले. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या भागातील मुलांनी शिवनेरीकडे पाहताना महाराजांचे स्मरण करावे, बाबू गेनू आणि राजगुरू यांचे स्मरण करावे, आणि त्यांच्याच पंक्तीस बसणाऱ्या या वीराचेही नाव आदराने घ्यावे.