तुरुंगात जायला तयार झाली, पण नांदायला गेली नाही; सुतार समाजातल्या रखमाबाई डॉक्टर कशा झाल्या?

वयाच्या ११ व्या वर्षी लग्न लागलं. पुढं नवऱ्यानं बायको नांदायला येत नाही म्हणून हायकोर्टात दावा ठोकला. कोर्टानं सांगितलं, महिनाभरात सासरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिनं तुरुंग निवडला. ही गोष्ट १८८७ सालची. बाईनं मान वर करून बोलायचीही सोय नव्हती, त्या काळातली. हीच मुलगी पुढं डॉ. रखमाबाई राऊत म्हणून हजारो बायकांचा आधार झाली.

आईचं दुःख डोळ्यांसमोर

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार समाजात झाला. आई जयंतीबाईचं लग्न १४ व्या वर्षी, १५ व्या वर्षी पदरात मूल आणि १७ व्या वर्षी कपाळ पांढरं. समाजात विधवेचं लग्न लागत असे, त्यामुळं काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी दुसरं लग्न केलं. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतीशास्त्राचे जाणकार. त्यांनी सावत्र मुलीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, पुस्तकं आणून दिली.

रीतीप्रमाणं रखमाचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिलं. नवरा तेव्हा १९ वर्षांचा. पण ती सासरी गेली नाही, आईवडिलांकडंच राहिली आणि घरीच वाचत राहिली.

चार वर्षांची कोर्टकचेरी

१८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. बायको आपल्या हक्काची आहे, ती ताब्यात मिळावी, अशी मागणी. रखमाबाईंचं म्हणणं सरळ होतं. ज्या लग्नाला आपली संमतीच नव्हती, ते लग्न आपल्यावर लादता येणार नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल तिच्या बाजूनं दिला आणि एकच गहजब उडाला. धर्म बुडाला, अशी ओरड झाली. लोकमान्य टिळकांनीही 'केसरी'तून विरोधात लिहिलं. दुसरीकडं बेहरामजी मलबारींसारखे सुधारक तिच्या पाठीशी उभे राहिले. तिनं स्वतःही टोपणनावानं इंग्रजी पेपरात पत्रं लिहून बालविवाहानं बाईची कशी माती होते, ते मांडलं.

त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. घरातला मोठा आधार गेला, पण माघार नाही. अपिलात खटला पुन्हा उभा राहिला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी तो तुरुंगाचा हुकूम दिला. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २ हजार रुपये घेतले आणि दावा सोडला.

त्या काळी कायद्यानं नवऱ्याला १० वर्षांच्या बायकोशीही संबंध ठेवायला मुभा होती. रखमाबाईंच्या खटल्यानं मुलीच्या संमतीचा प्रश्न देशभर पोचला. त्यातच १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी ही १०-११ वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. १८९१ साली सरकारनं ही मर्यादा १० वरून १२ वर नेली. आज हे वय ऐकूनही अंगावर काटा येतो, पण तेव्हा एवढ्यासाठीसुद्धा रान पेटलं होतं.

लंडनहून थेट सुरतेला

मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी रखमाबाईंना डॉक्टर व्हायचं बळ दिलं. १८८९ साली त्या लंडनला गेल्या. बायकांसाठीच्या मेडिकल कॉलेजात शिकल्या, ब्रुसेल्सची एम.डी. पदवी घेतली आणि १८९४ साली परतल्या. काही काळ कामा हॉस्पिटलमध्ये काम करून १८९५ मध्ये त्या सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या.

तेव्हा बाळंतपण म्हणजे घरातली कोंदट, अंधारी खोली. पुरुष डॉक्टरला बाई दाखवायची नाही, आणि दवाखान्यात गेलं की माणूस मरतो, हा समज. सुरतेत सुरुवातीला बाळंतपणाला कोणी येईना, तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणून तिला सुखरूप मोकळी केली, अशी गोष्ट सांगतात. ते बघून बायकांची भीती मोडली.

पुढं त्यांनी राजकोटच्या जनाना हॉस्पिटलचा कारभार पाहिला. सुमारे ३५ वर्षं हीच सेवा केली. पडदा पद्धतीमुळं बाईला उजेड, शिक्षण आणि उपचार काहीच मिळत नाही, हे त्यांनी रोज पाहिलेलं. म्हणून पडदा बंद व्हावा, यासाठी १९२९ मध्ये त्यांनी पुस्तिका काढली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं.

प्रश्न अजून गावातच आहे

आज मुलीच्या लग्नाचं वय १८ आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के महिलांचं लग्न १८ च्या आत झाल्याचं दिसलं. म्हणजे पाचात एकीहून जास्त. कोवळ्या वयात कमरेचं हाड पुरतं वाढलेलं नसतं, अंगात रक्त कमी असतं. मग बाळंतपण अडतं, बाळ कमी वजनाचं होतं, कधी आईच हाती लागत नाही.

रखमाबाईंच्या वेळी कायदा मुलीच्या विरोधात होता. आज तो तिच्या बाजूनं आहे. गावात बालविवाह ठरत असेल तर ग्रामसेवकाला कळवता येतं, १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करता येतो. मुलगी नाही म्हणाली, तर तिला कोर्टाची पायरी चढायला लागू नये. तिचं घरातच ऐकलं गेलं पाहिजे.