शर्टाच्या कापडाचं विमान

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मराठी लिहायला बसलं की घाम फुटतो. चुका पोटात घाला. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये माझा लाकडी जॉब सांध्यापाशी चिरला होता. मी त्यात भुसा आणि फेव्हिकॉल भरला, पॉलिश पेपर मारला आणि सबमिट केला. पासही झाला! पण अ‍ॅमी जॉन्सनबद्दल वाचल्यापासून तो जॉब आठवला की लाज वाटते.

अ‍ॅमीचा जन्म १९०३ साली इंग्लंडमधल्या हल शहरात, मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. ती शिकली अर्थशास्त्र आणि नोकरी करायची वकिलाच्या ऑफिसात. उरलेला वेळ मात्र लंडनच्या स्टॅग लेन विमानतळावर. १९२९ मध्ये तिने पायलटचं लायसन्स मिळवलं आणि ग्राउंड इंजिनिअरचंही. हे दुसरं मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. मला तर तेच जास्त भारी वाटतं.

५ मे १९३० ला ती क्रॉयडनहून एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली. विमान सेकंडहँड जिप्सी मॉथ, नाव जेसन. लाकडी सांगाडा, धडावर प्लायवूड, पंखांवर कापड. बर्ट हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम मोडायचा होता आणि कराचीपर्यंत ती त्याच्या दोन दिवस पुढे होती. झाशीला परेड ग्राउंडवर उतरताना पंख मोडला, तो तिथल्या सुताराने जोडून दिला.

मग १३ मे. पावसात तिला रंगूनचं रेसकोर्स सापडेना. इनसीनच्या टेक्निकल इन्स्टिट्यूटचं मैदानच तिला रेसकोर्स वाटलं. उतरली, आणि विमान थेट चरात! प्रोपेलर तुटला, चाकाचा आधार मोडला, पंख फाटला.

अशा विमानात दिसतं तेवढंच तुटलेलं नसतं. पंखाच्या टोकाला बसलेला धक्का स्पारमधून पार धडापर्यंत जातो. आत सरसाचा सांधा सुटतो, लाकडाला केसाएवढी चीर जाते, आणि वरून प्लायवूड जसंच्या तसं दिसतं. म्हणून कापड सोलून एकेक रिब, एकेक सांधा हाताने चाचपावा लागतो. तुटलेल्या जागी नवा तुकडा बसवताना लांब तिरका काप घ्यायचा, म्हणजे ताण एका रेषेत साचत नाही. (आमच्या सरांनीही हे शिकवलं होतं, तेव्हा मी मागच्या बाकावर होते.) मग कापड, त्यावर डोप, आणि शेवटी तारांचा ताण.

जादा प्रोपेलर तिने धडाला बांधूनच आणला होता. अडलं कापडापाशी. पहिल्या महायुद्धातून उरलेल्या विमानाच्या कापडाचे कुणीतरी शर्ट शिवले होते. ते उसवून पंखाला लावले! इन्स्टिट्यूटची मंडळी मदतीला होतीच. तरी दिवस गेले आणि त्याबरोबर विक्रमही. घाई करायला तिच्याकडे सबळ कारण होतं आणि तपासायला वर कोणी नव्हतं. पण पुढे समुद्र होता, आणि उडणार तीच होती.

२४ मे ला ती डार्विनला पोचली, साडेएकोणीस दिवसांत. पाचच दिवसांनी ब्रिस्बेनला उतरताना जेसन पुन्हा उलटलं.

५ जानेवारी १९४१ ला, युद्धकाळात एक विमान पोचवताना ती थेम्सच्या मुखाशी पाण्यात पडली. मृतदेह मिळालाच नाही. जेसन लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.