जमीन दुसऱ्याची, पण विज्ञान सर्वांचे : डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

5 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे कृषिशास्त्रज्ञ डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे निधन झाले. वीणा गवाणकर यांच्या 1981 सालच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे हे नाव मराठी घराघरांत पोहोचले. पण बहुतेकांच्या लक्षात राहिला तो शेंगदाण्यापासून शेकडो वस्तू बनवणारा किमयागार. आम्हाला त्यांचे मोठेपण दुसऱ्या ठिकाणी दिसते. हा माणूस आपले शास्त्र घेऊन नेमका कोणाच्या दारात गेला, हे पाहणे आजही गरजेचे आहे.

कार्व्हर यांचा जन्म 1864 च्या सुमारास मिसुरी राज्यातील डायमंड येथे गुलाम आईच्या पोटी झाला. तान्हे असतानाच लुटारूंनी माय-लेकरांना पळवून नेले. बाळ परत मिळाले, आई कधीच सापडली नाही. मालक मोझेस आणि सुसान कार्व्हर यांनी त्यांना वाढवले. प्रकृती नाजूक असल्याने शेतातली जड कामे त्यांच्या वाट्याला आली नाहीत. ते झाडाझुडपांत रमले आणि आजारी रोपे बरी करणारा मुलगा म्हणून परिसरात ओळखले जाऊ लागले.

शिक्षणासाठी मात्र गावोगाव भटकावे लागले. लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून त्यांनी शाळा पूर्ण केली. कॅन्ससमधील एका कॉलेजने आधी प्रवेश मंजूर केला आणि समोर काळा विद्यार्थी दिसताच दार बंद केले. पात्रता कागदावर सिद्ध होऊनही माणूस पाहून नाकारणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. पुढे आयोवाच्या कृषी महाविद्यालयात ते पहिले काळे विद्यार्थी ठरले. 1894 मध्ये पदवी आणि 1896 मध्ये पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळवली. वनस्पतींवरील बुरशीचा त्यांचा अभ्यास नावाजला गेला आणि आयोवातच चांगले भवितव्य होते. तरीही त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते काळ्या विद्यार्थ्यांसाठीच्या टस्कीगी संस्थेत गेले.

तिथली परिस्थिती बिकट होती. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली होती. काळी कुटुंबे वाट्याने शेती करत. बियाणे, खत, घरचा किराणा सारे उधारीवर आणि त्या बदल्यात पीक गहाण. सावकाराला रोख देणारे पीक हवे, म्हणून झोपडीच्या दारापर्यंत कापूसच. वर्षानुवर्षे कापूस घेऊन जमीन निकस झाली आणि लोकांचे अन्न निकृष्ट झाले.

प्रयोगशाळेसाठी पैसा नव्हता, म्हणून कार्व्हर यांनी विद्यार्थ्यांसह टाकाऊ बाटल्या, डबे, भांडी गोळा करून साधने बनवली. प्रयोगक्षेत्रावर त्यांनी तेच प्रयोग केले जे एका नांगराच्या शेतकऱ्याला परवडतील. विकतच्या खताऐवजी जंगलातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ. कापसाच्या फेरपालटाला चवळी, भुईमूग, रताळी. चवळी आणि भुईमुगाच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात, म्हणजे खताचा खर्च वाचतो आणि घरात पोटभर अन्नही येते.

1898 साली निघालेली त्यांची पहिली पुस्तिका होती जनावरांना ओकच्या झाडाची फळे खाऊ घालण्याविषयी, कारण तो चारा रानात फुकट होता. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी चाळीसहून अधिक पुस्तिका लिहिल्या. खराब झालेली जमीन कशी सुधारावी, उन्हाळ्यात मांस कसे टिकवावे, रानातली आलुबुखारे वाया न घालवता कशी साठवावीत, हे त्यात साध्या भाषेत असे. 1904 पासून शेतीची कामे थंडावलेल्या जानेवारीत शेतकऱ्यांसाठी अल्पमुदतीचे वर्ग सुरू झाले.

जे टस्कीगीपर्यंत येऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी 1906 मध्ये जेसप वॅगन निघाली. नांगर, बियाणे, दूध तपासण्याची आणि लोणी काढण्याची साधने भरलेली ही गाडी थॉमस कॅम्पबेल गावोगाव नेत. 1910 च्या सुमारास बोंडे पोखरणारा बोल वीव्हिल भुंगा अलाबामात पोहोचला आणि कापसावरच विसंबणे किती धोक्याचे आहे हे सर्वांना कळले. 1916 मध्ये कार्व्हर यांनी भुईमुगाची लागवड आणि त्याचे 105 खाद्यप्रकार सांगणारी पुस्तिका काढली. पीनट बटरचा शोध त्यांचा, ही समजूत मात्र चुकीची आहे. त्यांचे काम मोठे ठरायला अशा दंतकथेची गरजही नाही.

त्यांच्या कामाची मर्यादाही आपण पाहिली पाहिजे. कोणते पीक घ्यायचे हे जमीनमालक आणि सावकार ठरवत असतील, तर उत्तम सल्ला ऐकूनही वाटेकऱ्याचे हात बांधलेलेच राहतात. कार्व्हर यांनी व्यवस्थेशी उघड लढा दिला नाही. त्यांनी आहे त्या परिस्थितीत जगण्याची ताकद वाढवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मात्र 1918 च्या आपल्या निबंधात लहान शेतीचा प्रश्न भांडवल, अवजारे आणि शेतीवर साचलेल्या जादा मजुरांशी जोडला आणि पुढे खोती पद्धत मोडण्यासाठी कायदेमंडळात विधेयक आणले. आम्हाला वाटते, वंचितांच्या शेतीला हे दोन्ही लागते. ज्ञानही आणि हक्कही.

आज गावांत काम करताना आम्हाला बटईने, ठोक्याने शेती करणारी अनेक कुटुंबे भेटतात. सातबारा नावावर नाही, त्यामुळे पीककर्ज मिळवताना अडचण. शेतीचा सल्ला मिळतो तो बियाणे-औषधे विकणाऱ्या दुकानदाराकडून, तोही उधारीसोबत. एका शेळीवर आणि चार कोंबड्यांवर घर चालवणाऱ्या बाईला लसीकरण कधी करायचे हे सांगायला कोणी येत नाही. कृषी शिक्षण घेतलेले आपले तरुण-तरुणी आता कमी नाहीत. पेरणीपूर्वी एक दिवस त्यांनी वस्तीवर बसून माती, बियाणे, जनावरांचे आजार यावर बोलायचे ठरवले, तर त्याला फार खर्च येत नाही. आणि बटईदाराला शेतकरी म्हणून नोंद मिळावी, ही मागणी आपण सर्वांनी मिळून लावून धरायला हवी.

कार्व्हर यांनी आपली सारी बचत टस्कीगीतील संशोधनासाठी दिली. साधे राहिले आणि शेवटपर्यंत शिकवत राहिले. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!